वसा आणि वारसा





आमचे सगळे विज्ञानशिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तेथे चरबीला 'वसा' म्हणतात. घरी मात्र वसा म्हणजे व्रत. श्रावणातल्या कहाण्यांत बायका वसा घेतात आणि निष्ठेने पाळतात. शब्द एकच, शाळेत त्याचा एक अर्थ, घरी दुसरा. इंदुरात वाढलेल्या मराठी मुलांना ही गंमत नवी नाही. या अंकात आम्हांला या वशाबद्दल आणि त्याच्या जोडीला येणाऱ्या वारशाबद्दल चार शब्द लिहायचे आहेत. निमित्त आहे दिवाळीच्या सुट्टीनंतर होणारी शाळेची वार्षिक आरोग्य तपासणी.

तपासणीचे कार्ड घरी गेले की बहुतेक घरांत एकच रकाना पाहिला जातो, तो म्हणजे वजनाचा. पालक सभेत त्यावरून तीन प्रकारची वाक्ये नेहमी कानांवर येतात. पहिले, "आमचा मुलगा काटक आहे, त्याला कसले आलेय कोलेस्टेरॉल!" दुसरे, "मुलगी अंगाने भरलेली आहे, तिचे रक्त नक्कीच बिघडले असणार." आणि तिसरे, "आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी, आमच्याकडे हा प्रश्नच नाही." आमचे स्पष्ट मत असे आहे की ही तिन्ही वाक्ये अपुरी आहेत. दुसऱ्या वाक्याने मुलीचे मन दुखावते. पहिल्या आणि तिसऱ्या वाक्याने मात्र कधीकधी माणूस दगावतो.

असे का म्हणतो, ते सांगण्यासाठी थोडे विज्ञान पाहू.

कोलेस्टेरॉल हे विष नव्हे. पेशींची आवरणे, कित्येक संप्रेरके, ड जीवनसत्त्व आणि अन्न पचवणारे पित्त, या सर्वांसाठी शरीराला ते लागतेच. म्हणून शरीर ते स्वतःच तयार करते. आपल्या अंगातील बहुतांश कोलेस्टेरॉल यकृतात आणि इतर पेशींत बनते. ताटातून येणारा वाटा त्या मानाने लहान असतो. वनस्पतीजन्य पदार्थांत कोलेस्टेरॉल नसते, हे खरे. पण शाकाहारी माणसाचे यकृत काही उपास करत नाही! शिवाय वनस्पती तूप, साय, लोणी आणि पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलातील तळण यांतून येणारी चरबी रक्तातील कोलेस्टेरॉल वाढवते. तेलाच्या बाटलीवर 'कोलेस्टेरॉल-मुक्त' असे मोठ्या अक्षरांत छापलेले पाहून जे निश्चिंत होतात, त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की कोणतेही खाद्यतेल वनस्पतीचे असले म्हणजे ते तसे असतेच. त्यात त्या कंपनीचे कौतुक काही नाही.

कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही, म्हणून रक्तातून प्रवास करताना त्याला वाहन लागते. एलडीएल हे त्यांतील एक वाहन. ते रक्तात जास्त वेळ फिरत राहिले तर रोहिणीच्या भिंतीत शिरून साचते आणि पुढे हृदयविकाराला कारण होते. हे एलडीएल रक्तातून उचलून घेण्यासाठी यकृताच्या पेशींवर जणू हात असतात. शास्त्रज्ञ त्यांना रिसेप्टर म्हणतात. अमेरिकेत टेक्सास राज्यातील डॅलस येथे मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन या दोन डॉक्टरांनी १९७०च्या दशकात हे रिसेप्टर शोधून काढले आणि त्याबद्दल १९८५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

इंदूरच्या मुलांना ही गोष्ट समजावणे फार सोपे आहे. २०१७ पासून अनेक वर्षे आपल्या शहराला देशातील सर्वांत स्वच्छ शहराचा मान मिळाला, तो दारोदार येणाऱ्या कचरागाडीमुळे. आता कल्पना करा की एखाद्या वॉर्डात गाड्याच निम्म्या आहेत. तेथील लोक कितीही काटकसरीने कचरा टाकोत, रस्त्यावर ढीग राहणारच. दुसऱ्या वॉर्डात गाड्या पूर्ण आहेत, पण घरोघरचा कचरा दुप्पट झाला आहे. तेथेही ढीग दिसेल. दोन्हीकडे दृश्य सारखे, कारणे मात्र वेगळी. पहिल्या वॉर्डाची गोष्ट वारशाची, दुसऱ्याची बरीचशी वजनाची. कोलेस्टेरॉल म्हणजे कचरा नव्हे, एवढे ध्यानात ठेवून ही उपमा घ्यावी.

पहिला वॉर्ड आधी पाहू. काही माणसांना एलडीएल उचलणाऱ्या रिसेप्टरच्या जनुकाची एक प्रत जन्मतःच सदोष मिळते. या स्थितीला कौटुंबिक हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात. नाव लांबलचक आहे, पण गोष्ट दुर्मीळ नाही. जगात सुमारे २५० माणसांमागे एकाला ती असते, म्हणजे एक हजार मुलांच्या शाळेत सरासरी चौघांना. दहावीच्या विद्यार्थ्यांनी मेंडेलचे वाटाणे अभ्यासले आहेत. ही स्थिती प्रभावी गुणधर्मासारखी उतरते. आई किंवा वडील यांपैकी एकाला ती असेल, तर प्रत्येक अपत्याला ती मिळण्याची शक्यता निम्मी. मुलगा असो वा मुलगी, थोरला असो वा धाकटा, प्रत्येक वेळी नाणे नव्याने उडवले जाते. दोन्ही प्रती सदोष असलेली मुले फारच थोडी. पण त्यांना शाळकरी वयातही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो.

अशा माणसाचे वजन काय असते? काहीही असू शकते. तो सडसडीत असेल, रोज सकाळी फिरायला जात असेल, तळलेले शिवतही नसेल. तरी त्याचे एलडीएल बालपणापासून चढलेले असते. उपचार न झाल्यास अशा पुरुषांपैकी सुमारे निम्म्यांना वयाच्या पन्नाशीपर्यंत हृदयविकार गाठतो. स्त्रियांत तो साधारण दहा वर्षे उशिरा येतो, पण येतो. टाचेच्या मागील शिरेवर जाडसर गाठी किंवा तरुणपणीच बुबुळाभोवती पांढुरके कडे दिसणे, ही काहींच्यात आढळणारी बाहेरची खूण. बहुतेकांत बाहेरून काहीच दिसत नाही. वजनकाटा तर याबद्दल एक अक्षर बोलत नाही.

वारशाचा खेळ एवढ्यावर संपत नाही. २००३ साली फ्रान्समधील काही कुटुंबांत पीसीएसके-९ नावाच्या जनुकातील असा बदल सापडला, की ज्यामुळे रिसेप्टर वेळेआधीच मोडीत निघतात. म्हणजे गाड्या आहेत, पण त्या लवकर भंगारात काढणारे खाते फार उत्साही! पुढे डॅलसच्याच हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांना उलट उदाहरणे दिसली. ज्यांच्यात हे जनुक निकामी होते, त्यांचे एलडीएल जन्मभर कमी राहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या अभ्यासात, २००६ साली, अशा लोकांचे एलडीएल सरासरी २८ टक्क्यांनी आणि हृदयविकाराचा धोका ८८ टक्क्यांनी कमी आढळला. याच ज्ञानावर आधारलेली औषधे २०१५ मध्ये बाजारात आली. याखेरीज थोडा थोडा परिणाम करणारे जनुकीय फरक शेकड्यांनी आहेत. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगभरातील १६ लाखांहून अधिक लोकांच्या माहितीतून ते तपासले गेले. म्हणजे एकाच पंगतीत तेच जेवण जेवणाऱ्या दोघांचे रक्ताचे अहवाल वेगळे आले, तर त्यात नवल नाही.

आता दुसरा वॉर्ड, म्हणजे वजन. वजन वाढले, विशेषतः पोटाभोवती चरबी साचली, की यकृत रक्तात अधिक चरबी सोडू लागते. त्यामुळे ट्रायग्लिसराइड वाढते आणि एचडीएल, ज्याला लोक 'चांगले कोलेस्टेरॉल' म्हणतात, ते उतरते. एलडीएलवरही परिणाम होतो, पण तुलनेने कमी. याउलट जाड माणसाने आपल्या वजनाच्या ५ ते १० टक्के वजन उतरवले तर ट्रायग्लिसराइड साधारण २० टक्क्यांपर्यंत खाली येऊ शकते. ८० किलोच्या गृहस्थाने चार ते आठ किलो कमी करणे, एवढीच ही गोष्ट. म्हणून वजन गौण आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ज्याला जन्मतःच निम्म्या गाड्या मिळाल्या आहेत, त्याने तर घरचा कचरा वाढवूच नये.

पण वजनाचा आकडाही भारतीय माणसाला फसवतो, हे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले. २००४ साली त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा एकत्र फोटो छापला. उंचीच्या प्रमाणात वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी सारखा, २२.३. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! दिसायला सडपातळ आणि आतून चरबीचा, अशी ही आपली भारतीय ठेवण. म्हणूनच भारतीय प्रौढांसाठी बीएमआय २३ झाला की वजन जास्त धरतात आणि पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर, स्त्रियांची ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानतात. मुलांना हे आकडे लागू नाहीत. त्यांच्यासाठी वयाप्रमाणे वेगळे तक्ते असतात, ते डॉक्टरांकडून समजून घ्यावेत.

शिवाय वजनालाही वारसा असतो. २००७ साली एफटीओ नावाच्या जनुकातील एक फरक उजेडात आला. तो आई आणि वडील दोघांकडून मिळालेल्या युरोपीय प्रौढांचे वजन सरासरी तीन किलो अधिक आढळले. तेव्हा भरलेल्या अंगाच्या मुलीला "खाऊन खाऊन अशी झालीस" म्हणणाऱ्यांनी जरा थांबावे. तीन किलो म्हणजे सर्व काही नव्हे, बाकीचे ताट आणि मैदान ठरवतेच. पण ते तीन किलो तिने मागून घेतलेले नाहीत.

आता आमच्या मूळ मुद्द्याकडे येतो. काटा सांगत नाही ते कोण सांगेल? उत्तर आहे, घरातील वडीलधारी माणसे. आणि नेमकी येथेच आपली मराठी घरे मागे पडतात.

आपल्याकडे पूर्वजांची नोंद ठेवण्याची हौस दांडगी. कित्येक घराण्यांनी कुलवृत्तांत छापले आहेत. मूळ गाव कोणते, कुलदैवत कोणते, होळकरांच्या चाकरीत माळव्यात कोण आले, सगळे त्यात सापडते. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे वह्या असतात. पितृपक्षात तीन पिढ्यांची नावे घेतली जातात. पण आजोबा कशाने गेले, असे विचारले तर उत्तर येते, "एकाएकी गेले." काका? "बसल्या बसल्या गेले." तेव्हा वय काय होते? "तसे तरुणच होते हो, देवाची इच्छा." एका घरात तीन माणसे चाळिशी-पन्नाशीत बसल्या बसल्या जातात आणि चौथ्याला कोणी साधी रक्ततपासणी करायला सांगत नाही, हे आम्हांला पटत नाही. देवाच्या इच्छेला आमचा विरोध नाही. पण ती इच्छा एकाच घरात पुन्हापुन्हा दिसली, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

यात आणखी एक मोठी उणीव आहे. कुलवृत्तांत चालतो वडिलांच्या बाजूने. मुलगी सासरी गेली की तिची शाखा बहुधा तेथेच थांबते आणि सून येते ती आपल्या माहेरचा इतिहास दाराबाहेर ठेवून. जनुकांना मात्र सासर-माहेर कळत नाही. निम्मा वारसा आईकडून येतो. मुलाच्या मामाला बेचाळिसाव्या वर्षी झटका आला असेल, तर ती बातमी मुलाच्या दृष्टीने काकाच्या बातमीइतकीच महत्त्वाची आहे. श्राद्धात आपण आईकडच्या तीन पिढ्यांचीही नावे घेतो. मग आजाराच्या नोंदीत त्यांना का वगळावे?

यावर येणारा आक्षेप आम्ही जाणतो. "सर, हे लिहून ठेवले आणि उद्या मुलीच्या लग्नात आडवे आले तर?" ही भीती खोटी नाही. म्हणूनच आमचे मत असे आहे की शाळेने ही माहिती मागू नये. कार्डावर घराण्याच्या आजारांचा रकाना नको. कार्ड दहा हातांतून फिरते. वही घरीच राहावी आणि डॉक्टरांसमोर उघडावी. पण लपवण्याच्या नादात स्वतःच्याच मुलापासून लपवले, तर त्या मुलीचे लग्न होईल आणि चाळिशीत तिला मिळणारी सूचना मात्र हुकलेली असेल. लाज वाटावी असे यात काही नाही. घारे डोळे जसे उतरतात, तसेच हे उतरते.

दुसरा आक्षेप असा की रक्तातच आहे तर करणार काय? करण्यासारखे पुष्कळ आहे. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७०च्या दशकात एका बुरशीतून पहिले स्टॅटिन औषध वेगळे केले. १९८७ पासून स्टॅटिन औषधे वापरात आहेत आणि आज ती स्वस्तही झाली आहेत. कौटुंबिक दोष असलेल्या मुलांना तज्ज्ञांच्या देखरेखीखाली साधारण ८ ते १० वर्षांच्या वयापासून ती देता येतात. नेदरलँड्समधील अशा २१४ मुलांचा वीस वर्षे मागोवा घेतला गेला आणि २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वयाच्या ३९ वर्षांपर्यंत हृदयविकाराने गाठलेल्यांचे प्रमाण, लहानपणी उपचार सुरू झालेल्या या मुलांत १ टक्का होते आणि तोच दोष असलेल्या त्यांच्या आईवडिलांत २६ टक्के. घराणे तेच, जनुक तेच. फरक एवढाच की मुलांना वेळेवर कळले. यापेक्षा मोठा पुरावा आम्हांला माहीत नाही.

तेव्हा आमच्या विनंत्या अशा.

विश्वस्त मंडळास: यंदा वजन स्वतंत्र खोलीत, एकेका मुलाचे, कोणी आकडा पुकारणार नाही अशा रीतीने व्हावे. कार्ड बंद पाकिटातून पालकांकडे जावे. शाळेत सरसकट सर्व मुलांचे रक्त तपासावे असे आम्ही सुचवत नाही. ते काम डॉक्टरांचे आणि पालकांच्या संमतीचे आहे. मात्र पालकांसाठी एखाद्या हृदयरोगतज्ज्ञांचे मराठीतून व्याख्यान ठेवावे. तो खर्च स्नेहसंमेलनाच्या एका पडद्याएवढाही होणार नाही.

पालकांस: आई आणि वडील, दोन्हीकडची एक वही करावी. नाव, हृदयविकार किंवा पक्षाघात झाला असल्यास त्या वेळचे वय, कोलेस्टेरॉल तपासले असल्यास आकडा. बस, एवढेच. पुरुषाला ५५ आणि स्त्रीला ६५ वर्षांपूर्वी हृदयविकार झाल्याची नोंद निघाली, तर मुलांचा विषय डॉक्टरांकडे काढावा. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ साली सांगितले आहे की प्रत्येकाने पहिली लिपिड तपासणी १८व्या वर्षी करावी, आणि घराण्यात असा इतिहास असल्यास त्याआधीच. मुलगा बारीक आहे म्हणून ही तपासणी टाळू नये.

विद्यार्थ्यांस: रविवारचे पोहे-जिलबी आम्ही तोडणार नाही; इंदुरात राहून तसे बोलणे आम्हांलाही जमणार नाही. पण वर मूठभर शेव रोज, तीही मैदानावर न उतरता, हे बरे नव्हे. वर्गमित्राला त्याच्या अंगावरून नाव ठेवू नका. जाडाला नाही आणि बारकालाही नाही. आणि या सुट्टीत आजीजवळ बसून वहीतील नावे तुम्हीच लिहून घ्या. आजीला वये नक्की आठवतात. कोणत्या साली कोणाचे लग्न झाले, त्यावरून ती हिशेब लावून देते.

वारसा आपण निवडत नाही. तो आजीआजोबांच्या घराबरोबर, आडनावाबरोबर, बोलीबरोबर येतो. माळव्यात इतकी वर्षे राहून आपण मराठी भाषेचा वारसा टिकवला, कारण तो आपल्याला ठाऊक होता आणि आपण तो सांभाळण्याचा वसा घेतला. रक्तातला वारसाही आधी ठाऊक करून घ्यावा लागतो. सुट्टीनंतर तपासणीचे कार्ड घरी येईल. ते उघडण्यापूर्वी घरातील वही सुरू झालेली असावी, एवढीच अपेक्षा.

आपले स्नेहांकित,
प्राचार्य